आईच्या गुडघ्यांची गोळी : रोज घेतली तर चालते का?

सावलीतली

दिवाळीत कराडला माहेरी गेले होते. आईचं वय ६८, गुडघे सात-आठ वर्षांपासून दुखतात. देवघराच्या फळीवर कुंकवाच्या करंड्यामागे हळदीची जुनी बरणी सापडली. आत हळद नव्हती, गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे होते. कात्रीने दोन-दोन, चार-चार कापलेले. एका तुकड्यावर नुसतं "...क्लोफेनॅक" दिसतंय, एकावर फक्त मुदतीची तारीख, एकावर काहीच नाही.

विचारलं तर म्हणाली, "अगं, ठणका लागला की घेते एक. सकाळी घेतली की स्वयंपाक उरकतो." म्हणजे रोज. गणपतीच्या आधीपासून.

तिला रक्तदाबाची गोळी आहे, टेल्मिसार्टन, आणि त्यातच लघवी वाढवणारं औषधही आहे. संध्याकाळी तिच्या पायावर सूज होती. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरायला वेळ लागला. ती म्हणते, दिवसभर उभी असते म्हणून.

मला घरात भांडण नकोय आणि तिला दुखत ठेवायचंही नाहीये. या गोळ्या नक्की किती दिवस आणि कशा घ्यायच्या असतात? तुमच्या घरातले अनुभव लिहा. डॉक्टर मंडळींनीही लिहा.

---

चाफा_पांढरा

वाचतेय. आमच्याकडे सासऱ्यांचं अगदी हेच चाललंय.

---

बाभूळवन

आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं सकाळी चहाबरोबर ही गोळी घेऊनच फडात उतरतात. बायका जास्त. कंबर धरली म्हणून बसून राहिलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापतात. पाणी कमी प्यायचं कारण आडोसा नाही, आणि वरून ऊन. मी स्वतः बारा कोपींत (तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत) विचारून पाहिलं, नऊ कोपींत गोळ्या होत्या. गोळीचं नाव कुणालाच सांगता आलं नाही, सगळे "पांढरी मोठी" म्हणतात.

---

वैद्यकीत_मुरलेला

ताई, आधी तुमच्या आईंचं. या आठवड्यातच रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो), पोटॅशियम आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. दुखण्याची गोळी आजपासून बंद. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका, ते त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

का, ते सांगतो. दुखापत झाली की शरीर जागच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. त्यांच्यामुळे सूज आणि ठणका येतो. ॲस्पिरिन आणि तिच्या भावंडांनी ही रसायनं बनणं थांबतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अडचण अशी की हीच रसायनं जठराचं अस्तरही सांभाळतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गोळीला गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठलं, हे कळत नाही.

पाटाच्या पाण्यासारखं बघा. मूत्रपिंडाच्या गाळणीला आत येणारं एक दार आहे आणि बाहेर जाणारं एक. टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल करते. लघवीची गोळी पाटातलं पाणीच कमी करते. तिसरी ही दुखण्याची गोळी आतलं दार आवळते. प्रत्येक औषध एकेकटं बहुतेकांना झेपतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीवरचा दाब पडतो, आणि त्यात उलट्या-जुलाब किंवा उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंड काही दिवसांतच बसू शकतं. बाभूळवन यांनी लिहिलेली फडातली माणसं रक्तदाबाची गोळी घेत नसतील, पण ऊन, तहान आणि गोळी हे तिन्ही तिथेही आहेच.

पायावरची सूज उभं राहून येते हे खरं, पण या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि रक्तदाबही चढतो. त्यामुळे गृहीत धरू नका, तपासा.

---

तिखटमीठ

पण डॉक्टर, आमच्याकडे गोळीबरोबर ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल देतातच की. मग काय बिघडतं?

---

वैद्यकीत_मुरलेला

@तिखटमीठ, त्याने जठर आणि त्याच्या पुढच्या पहिल्या आतड्याचं बरंच रक्षण होतं. साठीपुढच्यांना आणि पूर्वी अल्सर झालेल्यांना द्यायलाच हवं. पण आणखी पुढच्या आतड्याला त्याचा उपयोग नाही, मूत्रपिंडाला नाही आणि हृदयालाही नाही. लोक "ॲसिडिटीची गोळी घेतलीय ना" म्हणून दुखण्याची गोळी सहा-सहा महिने ओढतात, ही माझी रोजची काळजी आहे.

---

खिडकीतला_औषधवाला

मी डी.फार्म. आहे, दुकानाला २२ वर्षं झाली. कापलेल्या पट्टीबद्दल मनापासून लिहितो.

गिऱ्हाईक म्हणतं "दहाच्या कशाला, दोन द्या". आम्ही कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर. घरी बरणीत सगळं एक होतं. मी आता कापलेल्या पट्टीबरोबर पाकिटावर पेनने औषधाचं नाव, ताकद आणि मुदत लिहून देतो. अर्धा मिनिट लागतो. तुमच्या दुकानदाराकडून तुम्हीही लिहून मागा, तो नाही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. चिठ्ठीशिवाय या गोळ्या जातात, हे मला मान्य करावंच लागेल. पण एकच चिठ्ठी तीन वर्षं दाखवणारेही रोज येतात.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त होणारी चूक : एकच औषध दोन नावांनी घेणं. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. ॲसेक्लोफेनॅकच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. त्यावर ताप आला म्हणून डोलो ६५० घेतली, की दुखण्याची एक आणि पॅरासिटामॉल दोनदा झालं. नाव बघू नका, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक असतात ते वाचा. चष्मा लावून वाचा.

---

चाफा_पांढरा

पाकिटावर लिहून देण्याची कल्पना फार आवडली, दादा. आजच आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सांगते.

---

गोदाकाठ

पॅरासिटामॉल याच जातीतलं ना? मग ते घेतलं तर काय फरक?

---

वैद्यकीत_मुरलेला

नाही. पॅरासिटामॉलने ताप आणि दुखणं कमी होतं, सूज जवळजवळ नाही. म्हणून ते या कुळात धरत नाहीत. जठर आणि मूत्रपिंडाला ते नेहमीच्या मात्रेत पुष्कळच सौम्य. त्याचा धोका यकृताला. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. रोज दारू पिणाऱ्याला, वजन कमी असलेल्याला किंवा यकृताचा आजार असलेल्याला त्याहून बरंच कमी.

---

रानपाखरू_रत्नागिरी

थोडं विषयांतर करतो, पण याच औषधाचं आहे.

मूत्रपिंडाचं वाचून गिधाडं आठवली. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. मग ती दिसेनाशी झाली. दुखऱ्या, लंगड्या गुरांना डायक्लोफेनॅकची सुई दिली जायची. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसायचा. हे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर जवळजवळ संपत आली होती. गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ साली बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलीची करावी लागली. गुरांना मेलॉक्सिकॅम देता येतं, ते गिधाडांना सोसतं.

ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना विनंती, स्वतःच्या गोळ्या-सुया गोठ्यात नेऊ नका.

---

बाभूळवन

रानपाखरू, हे विषयांतर नाही. आमच्या गोठ्यात हे झालेलं आहे. बैलाचा खांदा सुजला की माणसांच्याच सुया दिल्या जायच्या. गिधाडं का गेली ते कळलं नव्हतं, आज कळलं.

---

कातळशिल्प

थोडं वेगळं मत मांडते. सगळे घाबरवतायत म्हणून.

माझ्या आजीने "गोळ्या वाईट" म्हणून दोन वर्षं एकही घेतली नाही. दुखतं म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून मांड्या वाळल्या, मांड्या वाळल्या म्हणून गुडघे आणखी दुखायला लागले. शेवटी अंथरुणावरून उठताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुखणं अंगावर काढण्याचीही किंमत असते हो. नीट तपासून, ठरावीक दिवस घेतलेल्या गोळीने तिचं चालणं टिकलं असतं.

---

सावलीतली

कातळशिल्प, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी भीती नेमकी हीच आहे.

---

वैद्यकीत_मुरलेला

कातळशिल्प यांच्याशी पूर्ण सहमत. मुरगळलेला पाय, दाताचा ठणका, गाऊटचा (युरिक ॲसिडने सांधा सुजण्याचा) झटका, यांत तरुण आणि निरोगी माणसाने तीन ते पाच दिवस ही गोळी घेतली तर ती उत्तम औषध आहे. कमीत कमी मात्रा आणि कमीत कमी दिवस. चिठ्ठीशिवाय आयब्युप्रोफेन घ्यायचं तर दिवसाला १२०० मिलिग्रॅम ही मर्यादा, म्हणजे ४०० च्या तीन. दातासाठी देतात ती केटोरोलॅक पाच दिवसांच्या पुढे कधीच नाही.

---

दूरदेशी_लीड्स

इथे इंग्लंडमध्ये डायक्लोफेनॅकच्या गोळ्या २०१५ पासून चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत, हृदयविकाराच्या धोक्यामुळे. सुपरमार्केटमध्ये आयब्युप्रोफेनचं १६ गोळ्यांचं पाकीट मिळतं. भारतात आले की मामा पिशवीभर पट्ट्या हातात देतो, "तिकडे महाग असतील" म्हणून. प्रेमानेच देतो. मी त्याच्याजवळ बसून एकेक पट्टी वाचून दाखवली. निमेसुलाइडची निघाली, जी इथे आणि अमेरिकेत कधी मंजूरच झाली नाही. भारतातही १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

हृदयाचं कुणी लिहिलं नाही म्हणून आठवण करते. याच कुळातलं रोफेकॉक्सिब आठवतंय? पोटाला सुरक्षित म्हणून आलं आणि हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं.

---

तिखटमीठ

बाबांना अँजिओप्लास्टीनंतर इकोस्प्रिन ७५ (कमी मात्रेची ॲस्पिरिन) चालू आहे. पाठ दुखली की कॉम्बिफ्लाम घेतात. हे चालतं का?

---

वैद्यकीत_मुरलेला

नाही, आणि हे त्यांना आजच सांगा. दोन कारणं. एक, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो. दोन, आयब्युप्रोफेन आधी घेतलं तर ते ॲस्पिरिनची जागा अडवतं आणि हृदयासाठी दिलेली गोळी वाया जाते. हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघात झालेल्यांनी या कुळातली कोणतीही गोळी मनाने घेऊ नये. इकोस्प्रिन मात्र दुखण्याची गोळी समजून बंद करू नका, ती रक्त गोठू नये म्हणून आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमरॉल घेणाऱ्यांनाही तीच सूचना. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबरही रक्तस्राव वाढतो, त्याही डॉक्टरांना सांगाव्यात.

---

मोगरा_अर्धा

पाळीच्या दुखण्याबद्दल लिहू का? कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

मला दर महिन्याला पहिले दोन दिवस उभं राहता येत नसे. आई म्हणायची सवय लागेल, घेऊ नकोस. दहा वर्षं सोसलं. मग एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी समजावलं की गर्भाशय आवळतं तेच प्रोस्टाग्लँडिनमुळे, म्हणून मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन इथे अगदी मुळावर काम करतं. कळ शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घ्यायची आणि दोन-तीन दिवसांत थांबवायची. सवय लागत नाही.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या अखेरीला गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता, अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी दुर्मिळ पण गंभीर ॲलर्जी होऊ शकते म्हणून. माझ्या मैत्रिणींनी तेव्हा घाबरून गोळ्या फेकल्या. फेकायची गरज नाही. पुरळ आणि ताप दिसला तर लगेच बंद करून दवाखाना गाठायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

---

चाफा_पांढरा

मोगरा, अनुमोदन. आणि दिवस राहिले असतील तर घेऊ नका, हेही जोडते. माझ्या वेळी पाठदुखीला घरातली गोळी घ्यायला निघाले होते, जाऊबाईंनी हात धरला.

---

वैद्यकीत_मुरलेला

जाऊबाईंचं बरोबर होतं. गरोदरपणाच्या २० व्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. त्याआधीही विचारल्याशिवाय नको.

---

गोदाकाठ

नाशिकला सप्टेंबरात डेंगूची साथ होती. पुतण्या नऊ वर्षांचा, ताप १०३. घरात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप होतं, दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. ब्रशवरचा तो गुलाबी फेस मी अजून विसरलेलो नाही. प्लेटलेट्स ३१ हजार. पाच दिवस दवाखान्यात काढले, पोरगं सुखरूप आहे.

डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळ्यातला ताप डेंगू नाही असं ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. ॲस्पिरिन नाही, आयब्युप्रोफेन नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हे फ्रिजवर लिहून ठेवा.

---

मोगरा_अर्धा

गोदाकाठ, आधी सुटकेचा श्वास घेतला. पोराला उदंड आयुष्य.

---

कोल्हापुरी_धावपटू

मी पळतो. आमच्या गटात शर्यतीच्या आधी सकाळी एक गोळी "खबरदारी म्हणून" घेणारे खूप आहेत. पाटाचं उदाहरण वाचून आज गटावर तसंच्या तसं पाठवलं. घामाने पाणी गेलेलं, त्यात गोळी. दोघांनी लगेच कळवलं की शर्यतीनंतर लघवी काळपट व्हायची. त्यांना तपासायला धाडतोय.

---

शेवगा_शेंग

गोळ्यांपेक्षा काढे आणि पुड्या बऱ्या. आमच्या गावाबाहेर एक जण सांधेदुखीची पुडी देतो, आत्याला तीन दिवसांत फरक पडला. पूर्ण आयुर्वेदिक.

---

खिडकीतला_औषधवाला

शेवगा, आयुर्वेदाबद्दल माझ्या मनात आदर आहे, आमच्या घरात दोन पिढ्या वैद्य होत्या. पण तीन दिवसांत कायापालट करणारी, नाव-गाव-परवाना नसलेली पुडी दिसली की मला धडकी भरते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं वेळोवेळी सापडलं आहे. चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर चढते. आणि एकदम बंद केली तर माणूस खचतो. आत्यांना डॉक्टरांकडे न्या, पुडी बरोबर न्या.

---

शेवगा_शेंग

आत्याचा चेहरा खरंच भरलाय. आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. उद्याच नेतो.

---

तिखटमीठ

पोटातून रक्त जातंय हे घरी कसं ओळखायचं?

---

कातळशिल्प

माझ्या काकांचं सांगते. रस्त्याच्या डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शी. दोन दिवस ते कुणाला बोलले नाहीत, लाज वाटली म्हणून. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन ६. त्यांना पोटात दुखलंच नव्हतं. घरातल्या मोठ्यांना हे स्पष्ट विचारा, लाजू नका.

---

वैद्यकीत_मुरलेला

बरोबर. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण डांबरासारखी चिकट नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी कमी होणं, पायावर नवी सूज, धाप लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. दमा असेल, विशेषतः नाकात कोंब असतील, तर एका गोळीनेही दम उठू शकतो.

आणि एक समज. "पोटभर जेवून घेतली की काही होत नाही." जेवणाने जळजळ कमी होते, अल्सर टळत नाही. सुई घेतली तरी टळत नाही, कारण औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोचतं.

---

सावलीतली

धागा वर काढतेय. साडेतीन आठवड्यांनी लिहितेय.

आईचं क्रिएटिनिन १.९ आलं होतं. मागच्या वर्षीचा जुना कागद सापडला, त्यात ०.९ होतं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली, रक्तदाबाचं औषध बदललं. परवा पुन्हा तपासलं, १.२. नडगीवर आता खळगा पडत नाही.

गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल दिलंय. गोळीच्या मानाने त्यातलं रक्तात फार थोडं जातं, साधारण सहा टक्के, पण आईचं मूत्रपिंड नुकतंच सावरतंय म्हणून तेही मोजूनच, दोन आठवडे. लांब जायचं असेल तर आधी पॅरासिटामॉल ५००. खरा फरक मांडीच्या व्यायामाने पडला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा. ती अंक मोजत नाही, रामरक्षेची एक ओळ म्हणते. तेवढंच होतं म्हणे. स्वयंपाकघरात उंच स्टूल आणलंय, पोळ्या बसून लाटते.

बरणी मी रिकामी केली. आईनेच ती पुन्हा घासून हळद भरली.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. जेल लावल्यावर ती वरून गरम पिशवीचा शेक घेते. चालेल?

---

वैद्यकीत_मुरलेला

अहवाल वाचून फार बरं वाटलं, ताई. आईंना नमस्कार सांगा.

जेलवर शेक नको, औषध जास्त आत ओढलं जातं. घट्ट पट्टीही गुंडाळू नका. शेक घ्यायचा तर आधी घ्या, त्वचा थंड होऊ द्या, मग जेल. लावून झालं की हात साबणाने धुवा आणि मगच कणकेला हात लावा. महिन्याने क्रिएटिनिन पुन्हा करा.

---

सावलीतली

सांगितलं. आत्ताच शेक घेऊन बसलीय, जेल बाजूला ठेवलंय.